काळ्या स्कर्टातली बादली

बायको गेल्यावर तिच्या बाल्कनीतल्या कुंड्या माझ्या हाती आल्या आणि थोड्याच दिवसांत सगळी झाडं मेली. लोकांना वाटलं, दुःखात माणसाचं लक्ष नसतं, पाणी घालायचं राहून गेलं असेल. तसं नव्हतं. झाडं सुकली नाहीत, बुडाली. मी सकाळी पाणी घालायचो, दुपारी घालायचो आणि संध्याकाळी त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं म्हणून पुन्हा घालायचो.

नोकरीभर मी सार्वजनिक पोहण्याचा तलाव सांभाळला. पाणी कमी झालं की भरायचं, घाण झालं की साफ करायचं, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. बायको म्हणायचीच, "तुम्हाला एकच पाणी कळतं, ज्यात माणसं उड्या मारतात."

मुलगी आली. तिने कुंड्या बघितल्या आणि काही न बोलता चिखल उपसायला लागली. ती न बोलता काम करायला लागली की समजावं, काहीतरी ठरलंय. हे आईचं तिच्यात उतरलंय.

हात धुऊन ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही आमच्याकडे राहायला या."

"झाडं मेली म्हणून?"

"झाडं मेली, दूध दोनदा जळलं, आणि फ्रिजमध्ये नुसता बर्फ आहे."

"ताजा आहे."

तिला हसू आलं नाही. जावई म्हणाले, "बाबा, तुमच्यासाठी खोली आहे. माझी व्यायामाची सायकल आहे तिथे, ती हलवू." बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की सायकल नव्हे, सख्खा भाऊ घराबाहेर काढायचाय.

मला हे घर सोडायचं नव्हतं. रोज संध्याकाळी मी बाल्कनीत बसायचो आणि समोरच्या तिच्या खुर्चीला दिवसभरातलं सांगायचो. नळ गळतोय, चष्मा सापडत नाही, शेजारणीने नवीन पडदे लावलेत, असलंच काहीतरी. मुलीच्या घरी खुर्चीशी बोललो असतो तर मला दवाखान्यात नेलं असतं. पण हे कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "मला एकट्याला जमतं."

"काय जमतं? एक झाड जगवून दाखवा."

इथे जावई मध्ये पडले. माणूस चांगला आहे, पण सगळं व्हिडिओ बघून शिकलेला. म्हणाले, "बाबांचा प्रॉब्लेम मातीचा आहे. मातीत पाणी किती झालं ते दिसत नाही. सरळ पाण्यातच भाजी लावू. हायड्रोपोनिक्स. मग पाणी जास्त होण्याचा प्रश्नच नाही."

लग्न झाल्यापासून ते पहिल्यांदाच माझ्या कामाचं काहीतरी बोलले होते.

मुलीने अट घातली. मी वाढवलेली पानं जेवणाच्या टेबलावर आली पाहिजेत. आली, तर वर्षभर ती राहायला येण्याचा विषय काढणार नाही. नाही आली, तर सायकल हलेल.

पुढच्या सुट्टीला जावई सामान घेऊन आले. पांढरी झाकणाची बादली, झाकणाला गोल भोकं, भोकांत जाळीचे छोटे कप, कपांत स्पंजचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात लेट्यूसचं एकेक रोप, दोन-तीन पानांचं. झाडाचं खत दोन बाटल्यांत, दोन्हींतलं थोडं थोडं पाण्यात मिसळायचं. शिवाय मासे पाळतात त्या टाकीतला हवेचा पंप, म्हणजे मुळांना श्वास मिळतो. पंप लावला की बादली गुरगुर करायची. बादली जावयांनी मुद्दाम अशी आणली होती की आतलं थोडंफार दिसावं. "मुळं वाढताना दिसली पाहिजेत बाबा. मोटिव्हेशन मिळतं."

आता बादली ठेवायची कुठे? आमच्या बाल्कनीत ऊन एकाच कोपऱ्यात येतं आणि त्या कोपऱ्यात तिची खुर्ची आहे. उन्हासाठीच तिने ती तिथे ठेवली होती. मुलगी म्हणाली, "खुर्ची आत घेऊ." मी म्हणालो, "राहू दे." मग बादली खुर्चीवर ठेवली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका सकाळी बघतो तर बादलीतलं पाणी हिरवं.

ज्याने तलाव सांभाळला नाही त्याला हे समजणार नाही. हिरवं पाणी म्हणजे माझी अब्रू गेली. इतकी वर्षं मी सकाळी तलावाच्या काठावर उभा राहून एकच बघत आलो, पाण्यात हिरवट झाक आहे का. असली तर चहासुद्धा घ्यायचा नाही, आधी क्लोरीन. माझं डोकं बादलीजवळ विचार करत उभं होतं तेवढ्यात हाताने न्हाणीघरातल्या कपाटातून क्लोरीनची गोळी काढलीसुद्धा. बादली लहान, म्हणून अर्धीच टाकली. अंदाज घेऊन काम करणारा माणूस आहे मी.

दुसऱ्या दिवशी पाणी काय सुंदर झालं होतं. तळाला सुई पडली असती तर दिसली असती. वर सगळी रोपं माना टाकून पडली होती.

मी खुर्चीकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण त्यावर बादलीच होती.

मुलगी रोज फोटो मागायची. त्या दिवशी मी फोन बिघडल्याचं सांगितलं, तेही फोनवरच. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून मुळांसकट पालकाची जुडी आणली, मुळं धुतली, भोकांत नीट खोचली आणि फोटो पाठवला. लेट्यूसचा पालक कसा झाला, हे तिच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं. पानं हिरवी होती, अजून काय हवं?

तिचा फोन लगेच आला. "बाबा, एका पालकाला रबर बँड उगवलाय."

मी फोटो बघितला. उगवला होता.

"आणि लावलं होतं लेट्यूस."

"हो, तेही आहे."

"काय केलंत?"

मी सांगितलं. पलीकडे तिने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, ती सायकल हलवायला गेली. पण मागे जावयांचं ठसकणं ऐकू आलं आणि मग तीही हसायला लागली. तिचं ते हसणं मी तिच्या आईच्या आजारपणापासून ऐकलं नव्हतं. त्या हसण्यावर मला दुसरी संधी मिळाली.

"नवीन पेरा. यांनी दिलेलं बियांचं पाकीट आहे ना? आणि नीट ऐका, पाण्यात उजेड जातो म्हणून शेवाळ धरतं. पानांना ऊन हवं, पाण्याला नको. बादलीला काहीतरी काळं गुंडाळा. आणि बाबा, त्या गोळ्या फेकून द्या."

बादली घासून धुतली, पाणी बदललं, बिया स्पंजात टोचल्या. गोळ्या शेवटी टाकून दिल्या. मग काळं काय गुंडाळायचं ते शोधायला लागलो. कचऱ्याची काळी पिशवी बांधली, ती वाऱ्याने रात्रंदिवस फडफडायची. काळी छत्री उघडून बादलीच्या भोवती धरून बघितली, ते आपलं बघितलंच. माझी काळी पँट चढवली. पण पँटला दोन पाय आणि बादलीला एकही नाही, त्यामुळे रिकामे पाय खुर्चीवरून लोंबायला लागले. ते दृश्य मलाच बघवेना.

घरात काळी अशी एकच वस्तू राहिली होती आणि ती कुठे आहे हे मला माहीत होतं. तिच्या कपाटात, उजवीकडे, तिसरी. तिचा लांब काळा स्कर्ट, कमरेला इलॅस्टिक. ती गेल्यापासून ते कपाट मी उघडलं नव्हतं. मुलगी दोनदा म्हणाली होती, "आईचे कपडे आवरू का?" आणि मी दोन्ही वेळा तिला बाजारात पाठवलं होतं.

कपाट उघडलं. स्कर्ट काढला. कपाट लावलं. अजून काय सांगू.

इलॅस्टिक बादलीच्या काठाखाली असं चपखल बसलं की शिंप्याने माप घेतलं असतं तरी बसलं नसतं. कापड बादलीवरून, खुर्चीवरून थेट जमिनीपर्यंत. उजेडाला शिरायला फट नाही. मी जरा लांब जाऊन बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शोभतोय गं तुला."

पाणी पुन्हा हिरवं झालं नाही. रोपं अशी वाढली की मी सकाळी उठून आधी त्यांनाच बघायचो. पानं कुरळी, भरगच्च, झाकणभर पसरलेली. पाणी कमी झालं की खताचं पाणी मोजून घालायचो, एक थेंब जास्त नाही. संध्याकाळी समोर बसून गप्पा मारायचो. फक्त आता खुर्ची रिकामी नव्हती आणि गुरगुर करून उत्तर द्यायची. आमच्या लग्नाची शेवटची काही वर्षं साधारण अशीच गेली होती.

आता आमच्या शेजारणीबद्दल सांगायला हवं. तिची बाल्कनी आणि आमची बाल्कनी यांच्या मध्ये दुधी काच आहे. पलीकडचं दिसतं, पण धूसर, नुसता आकार आणि रंग. बाई बायकोची मैत्रीण. मनाने चांगली, पण इमारतीत कुणी पाव आणला तरी कुठल्या दुकानातून आणला हे तिला माहीत असतं.

एका संध्याकाळी ती दारात. हातात सूपचं भांडं.

"भावोजी, म्हटलं सूप द्यावं. दोन वाट्या होतील."

"मी एकटाच आहे."

"हो हो, ते आहेच." आणि माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली. "बाकी तब्येत छान दिसते हल्ली. पाहुणे आलेत का कुणी?"

"नाही."

"नाही, आले असले तरी आम्हाला आनंदच आहे. माणसाला सोबत लागते."

मी भांडं घेतलं आणि दार लावलं. बाल्कनीत बायकोचा स्कर्ट बादलीला घातलाय, हे मी तिला सांगणार होतो की काय.

मग हळूहळू बाकीचंही लक्षात यायला लागलं. वॉचमन मला बघून उठून उभा राहायला लागला. वरच्या मजल्यावरचे मास्तर लिफ्टमध्ये माझा खांदा दाबून म्हणाले, "हिंमत लागते." कशाला, ते विचारेपर्यंत त्यांचा मजला आला. इमारतीचा सेक्रेटरी भेटला तर म्हणाला, "कुणी कायमचं राहायला येणार असेल तर फक्त कळवा, नियम आहे, बाकी आमचं काही म्हणणं नाही." मला वाटलं, मुलगी मला न्यायच्या गोष्टी करते हे यांच्या कानावर गेलंय आणि माझं घर भाड्याने जाणार असा यांचा समज झालाय. मी म्हणालो, "मी कुठे जात नाही." तो म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला जाल?" आणि हसला.

इकडे पानं टेबलावर यायचे दिवस जवळ आले. जवळ आले आणि निघून गेले. मुलगी विचारायची, "येऊ का या सुट्टीला?" मी सांगायचो, "अजून लहान आहेत, जरा वाढू देत." लहान कसली, पानं काठावरून खाली लोंबत होती. पण टेबलावर आणायची म्हणजे कापायची, आणि कात्री घेऊन बाल्कनीत गेलो की मी दुसरंच काहीतरी कापून परत यायचो. एकदा नखं कापली. कापली नाहीत तर सायकल हलणार. कापली तर मग संध्याकाळी खुर्चीवर काय, नुसती गुरगुर? तिने दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. न सांगता आली, जावयांना घेऊन, सकाळी सकाळी.

दार उघडलं तर चेहरा गंभीर. आत आली, स्वयंपाकघरात बघितलं, बेडरूममध्ये बघितलं, न्हाणीघराच्या दारावर टकटक केली.

"काय शोधतेस?"

"बाबा, बसा." मी बसलो. ती माझ्यासमोर बसली. जावई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. "हे बघा, मी लहान नाही. मला समजतं. आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, म्हणून धक्का बसला, ते मी लपवणार नाही. पण तुम्ही मला सांगायला हवं होतं. शेजारच्या काकूंकडून कळावं?"

"काय कळावं?"

"बाल्कनीत बाई बसते. काळा स्कर्ट घालून. सकाळपासून अंधार पडेपर्यंत."

मी बाल्कनीच्या बंद दाराकडे बघितलं.

"काकू म्हणाल्या, बाईंचे केस कुरळे आहेत. आणि हिरवट रंगवलेत."

कॅलेंडर वाचता वाचता जावई म्हणाले, "हल्ली करतात तसं."

"तुम्ही गप्प बसा. आणि बाबा, काकू म्हणाल्या, घोरते. बसल्या जागी. दिवसाढवळ्या. तुम्ही तासन् तास बोलता आणि ती घोरते. कुठून आणलीत अशी?"

"तुझ्या नवऱ्याने आणून दिली," मी म्हणालो.

जावयांनी कॅलेंडर सोडलं. मुलीने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला ओळखीची होती. तलावावर उशीर झाला की घरी तीच नजर असायची. अजून काही बोलणं निघायच्या आत मी उठलो आणि बाल्कनीचं दार उघडलं.

बादली उन्हात बसली होती. वाऱ्याने स्कर्ट जरासा हलला. पंप घोरत होता.

मुलगी दारातच थांबली. आधी तिच्या तोंडून फुर्रकन हसू आलं. जावई तर कठड्याला धरून हसत होते. मग ती पुढे गेली, खाली वाकली आणि तिने स्कर्टचा काठ हातात घेतला. हसणं थांबलं.

"हा आईचा."

"हो."

"सेलमध्ये मीच घेऊन दिला होता. तिला लांब झाला होता. म्हणाली होती, मी तिथपर्यंत वाढेन."

बराच वेळ ती काठ बोटांत घेऊन उकिडवी बसून राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "शेवाळ धरलं नाही बघ."

तिने नाक पुसलं. "पानं केवढी झालीत बाबा. कापली का नाहीत? मला लहान आहेत सांगत होता."

"कापली की संपली."

ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला कळलं बहुतेक. हे घर मी का सोडत नाही, तेही कळलं असावं, कारण मग तिने खुर्चीशेजारी पडलेली माझी कात्री उचलली आणि बाजूला कठड्यावर ठेवली.

"आई कधी मुळापासून कापायची का? बाहेरची दोन पानं काढायची, मधला गाभा ठेवायचा. तो पुन्हा वाढतो. इतकी वर्षं समोर बसून तुम्ही काय बघत होता?"

मी तिला बघत होतो, पण हे मुलीला कसं सांगणार.

आम्ही दोघांनी मिळून बाहेरची पानं तोडली, हळू, देठाला अंगठा लावून. परातभर निघाली आणि तरी बादलीवरचे केस फारसे कमी झाले नाहीत, जरा नीटनेटके मात्र झाले. धुतली, मीठ लावलं, लिंबू पिळलं, टेबलावर ठेवली. मुलीने पहिलं पान तोंडात घातलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतका जीव तर नोकरीच्या मुलाखतीतही टांगणीला लागला नव्हता.

ती चावत राहिली. "बाबा, कडू आहे."

"ठेवलं ना जास्त दिवस."

"कडूजहर आहे."

जावई तोंड वाकडं न करता म्हणाले, "कडू चांगलं असतं. लिव्हरला." आणि पाणी प्यायले.

"पण टेबलावर आली," मी म्हणालो.

मुलीने अजून एक पान घेतलं, मीठ जास्त लावून. "आली," ती म्हणाली. "वर्षभर मी विषय काढणार नाही. पण रोज फोटो पाठवायचा. तुमचाही. आणि फ्रिजमध्ये बर्फाशिवाय काहीतरी ठेवायचं."

"रबर बँड ठेवतो."

परात आम्ही रिकामी केली. कशी केली ते विचारू नका.

निघायच्या आधी जावई गाडीत गेले आणि दुसरी बादली घेऊन आले, तशीच, झाकणाची, भोकांची. त्यांनी घरीही एक लावली होती म्हणे. "तुम्हीच ठेवा बाबा. आमच्याकडे जागा नाही."

मुलगी म्हणाली, "जागा आहे. झाडं नाहीत. यांची तर रबर बँडपर्यंतही पोहोचली नाहीत."

मग ती आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. या वेळी मी तिला बाजारात पाठवलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आईचा गडद निळा स्कर्ट होता, खाली बारीक फुलांचा. तिनेच तो नव्या बादलीला चढवला, इलॅस्टिक काठाखाली सारखं केलं, कापडाच्या सुरकुत्या हाताने काढल्या आणि आतून एक खुर्ची आणून तिच्यावर ती बादली पहिलीच्या शेजारी बसवली.

"हिच्यात पालक लावा," ती म्हणाली. "काकूंना काय सांगू? फोन येणारच त्यांचा."

मी विचार केला. सूप चांगलं होतं. वॉचमन उठून उभा राहतो. मास्तर खांदा दाबतात. बायको गेल्यानंतर लोक मला बघून आवाज बारीक करायचे. आता निदान हसतात तरी.

"काही सांगू नकोस," मी म्हणालो.

ते गेले. मी चहा घेऊन बाल्कनीत बसलो आणि झालेलं सगळं काळ्या स्कर्टाला सांगितलं. काचेपलीकडे एक सावली आली, थबकली आणि घाईघाईने आत गेली.

पाचच मिनिटांत मुलीचा फोन. गाडीतून बोलत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"बाबा, काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुझ्या बाबांना सांभाळ. आता दोघी आहेत."